फकिराबाबांचा अर्धा पहारा

या, असं जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. महाराजांची गाडी बिडकीनच्या पुढं अडकलीय असा निरोप आलाय, आणि मृदंगवाल्याचं कणीक लावणं अजून चाललंय. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका आमदाराची आहे. नाक मुरडू नका, आधी ऐका. हा आमदार पेशानं वकील, आणि जन्मानं मेंढरामागं हिंडणाऱ्या घरचा. त्याचे खटले, त्याच्या निवडणुका, त्याची दिव्याची गाडी हे मी थोडक्यात उरकणार आहे. मला सांगायचंय ते एका दुपारचं.

आधी समोर बघा. तो वीणा गळ्यात घालून उभा आहे ना, त्याच्याकडं. सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. दोन-दोन तासांचे पहारे. वेळ झाली की पुढचा येतो, पहिला त्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात, मग पहिला मोकळा. पुढचा आलाच नाही तर उभं राहायचं. पहाऱ्यावर असताना दुसरं काम नाही. आणि आपल्या टाकळवस्तीत आणखी एक नेम आहे, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ त्यालाच वीणा. पंच त्यात कुणाला सूट देत नाहीत, मग तो कुणी का असेना.

तर वकीलसाहेब. सूर्यभान डोईफोडे त्यांचं नाव. वडील फकिराबाबा मेंढरं राखायचे. पावसाळा सरला की कळप घेऊन गोदावरीच्या काठानं निघायचे, ज्याच्या त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे, आणि पुढच्या पावसाला परत यायचे. बायको लवकर गेली. थोरली लेक बानाबाई, तिनंच धाकट्या सूर्यभानला काखेला मारून वाढवलं. फकिराबाबांना अक्षर येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं कीर्तन विसरायचे नाहीत. रानात मेंढरं बसली की त्यांच्यापुढं उभं राहून सगळं कीर्तन परत करायचे. म्हणायचे, "आमची मेंढरं लई भाविक. मधनं उठून जात नायत."

सूर्यभान शहरात वसतिगृहात राहून शिकला, वकील झाला. काळा कोट घालून पहिल्यांदा वस्तीवर आला तेव्हा बाबांनी बाही चिमटीत धरून पाहिली. "ह्यात ऊब नाय," म्हणाले. "वरून आपली घोंगडी घेत जा."

शहरातल्या गारखेड्यात त्यानं दोन खोल्यांचं ऑफिस टाकलं. तेव्हा आपल्या बाजूच्या जमिनी कारखान्यांसाठी जायला लागल्या होत्या, माणसं कागद घेऊन शहरात धावत होती. सूर्यभानचा एक रिवाज होता. सही किंवा अंगठा घेण्याआधी अख्खा कागद त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग विचारायचा, "आता तुम्ही सांगा, यात काय लिहिलंय?" त्या माणसाला सांगता आलं तरच शाईची डबी उघडायची. हाताखालचे वकील वैतागायचे. गोजरबाई म्हणून एक म्हातारी होती, ती एकदा तोच कागद तीनदा ऐकून म्हणाली, "वकीला, मला आता पोथीवाणी पाठ झालंय. अंगठा घेतो का आरती म्हणू?" पण त्याच्या ऑफिसातून बाहेर पडलेला माणूस कशावर अंगठा दिला ते जाणून बाहेर पडायचा. अशा माणसाला लोक निवडून देणार नाहीत तर कुणाला. पहिल्याच झटक्यात आमदार झाला.

आणि त्याच वर्षी, इथं या मंडपात, ते घडलं.

सप्ताह चालू होता. संध्याकाळचं कीर्तन रंगात आलं होतं, बायांचे पदर डोळ्यांना लागलेले. वीणा फकिराबाबांच्या गळ्यात होती, पहारा निम्म्यावर आला होता. तेवढ्यात बाहेर फटाके वाजले. पुढारी आला की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. निवेदकानं माईक ओढला, महाराज बिचारे ओवी तोंडात धरून थांबले, आणि शाल-नारळ सुरू झाला. मग निवेदक म्हणाला, "आमदारसाहेबांचे पिताश्री, त्यांनी मंचावर यावं." पिताश्री म्हणजे आपण, हे बाबांना उमगायलाच वेळ लागला. उमगलं तेव्हा लेक समोरून येत होता, हारांत बुडालेला, कपाळाला गुलाल. रानात काखेला मारून नेलेलं पोर. फकिराबाबांनी वीणा गळ्यातून काढली, पायाखालच्या घोंगडीवर ठेवली, आणि दोन्ही हात पसरून लेकाकडं धावले.

लेक पाया पडला. बापानं उचलून छातीशी धरला. मंडपात टाळ्या वाजल्या. मग बाबा मागं वळले आणि त्यांना वीणा खाली दिसली.

शेजारच्या टाळकऱ्यानं वीणा उचलली, कपाळाला लावली, गळ्यात घातली, कीर्तन पुढं निघालं. पण फकिराबाबांनी त्यानंतर वीणेला हात लावला नाही. पंचांनी समजावलं. महाराजांनी समजावलं, देवानं बापाची माया पाहिली, बाकी काही पाहिलं नाही. बाबा मान हलवायचे आणि चपलांपाशी जाऊन बसायचे. पुढचे सगळे सप्ताह त्यांनी तिथं बसून ऐकले. आल्यागेल्याच्या चपला जोडीनं लावायचे, म्हणजे निघताना कुणाला शोधावं लागू नये.

वकीलसाहेब दुसऱ्यांदा निवडून आले त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. लेक उशाशी बसला होता.

"मुंबईला जायाचं आसंल तुला," बाबा म्हणाले.

"उद्या जातो, बा. आज हाय मी."

"एक काम व्हतं."

"सांग की."

"माझा पहारा अर्धा राह्यलाय. तू उभा राहशील?"

"राहीन."

"सवडीनं. घाई नाय."

बाबा गेले. आणि सवड म्हणाल तर मिळाली नाही. वकीलसाहेब राज्यमंत्री झाले, दीड वर्ष मुंबईत राहिले. पुढच्या निवडणुकीत पडले, मग पक्षाच्या कामात अडकले, मग पुन्हा पडले. मग फोन वाजायचे कमी झाले. ज्या घरासमोर सकाळी गाड्या लावायला जागा मिळायची नाही, तिथं आता पेपरवाला आणि दूधवाला एवढीच ये-जा. सत्यशीलाबाई, त्यांच्या मंडळी, म्हणायच्या की तेव्हा कुठं आमचा संसार सुरू झाला. वकीलसाहेब हसायचे, पण त्यांचा हात सारखा फोनकडं जायचा. अजून एकदा विधानसभेत जावं, ही आस काही सुटत नव्हती. मी त्यांना नावं ठेवत नाही. गाणाऱ्याला गाणं सुटत नाही तसंच ते.

त्याच दिवसांत ते एकदा वस्तीवर आले आणि अजिनाथला भेटले. अजिनाथ म्हणजे त्यांचा लहानपणचा सोबती. दोघांनी मिळून मेंढरं राखलेली. आता सप्ताहाचे पहारे तोच लावतो.

"मला एक पहारा दे," वकीलसाहेब म्हणाले.

"माळ कुठाय?"

"घालतो."

"आणि मटण?"

"सोडतो."

"सत्यशीलावहिनीला इचारलं का? तिच्या हातचा रस्सा सोडणार तू?"

सत्यशीलाबाई तिथंच होत्या. "सोडू द्या भाऊजी," म्हणाल्या. "डॉक्टरांचं ऐकलं नाही, देवाचं तरी ऐकतील."

अजिनाथनं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. "वर्षभर थांब. पुढाऱ्याची माळ मतमोजणीपर्यंत टिकती, हे आम्ही बघितलंय."

"थांबतो," वकीलसाहेब म्हणाले. "पण अजिनाथ, मला बाचा पहारा पुरा करायचाय. दुसरं काही नाही."

वर्षभर वकीलसाहेबांनी माळ सांभाळली. दसरा झाला, सप्ताह बसला, आणि अजिनाथनं त्यांना दुपारी एक ते तीनचा पहारा दिला. आश्विनातलं ऊन, पत्र्याचा मंडप, आणि जेवून सगळी वस्ती आडवी झालेली. "ह्या वेळी फोटो काढायला कुणी नसतं," तो म्हणाला. "जमंल का?"

"तेच पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले.

आता योग बघा. त्याच आठवड्यात निवडणुकीचे अर्ज भरायचे होते. पक्षाकडं तिघांनी तिकीट मागितलं होतं, त्यात वकीलसाहेब एक. आठ दिवस ते फोन उशाशी घेऊन झोपले. पक्ष काही ठरवेना. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला, त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पैठणच्या तहसीलला अर्ज गेला पाहिजे. आणि नेमका तोच त्यांच्या पहाऱ्याचा दिवस.

सकाळीच ते वस्तीवर आले. गाडी चालवायला लेक प्रेरणा होती. तीही वकील, बापाच्याच ऑफिसात बसते. तिनं आशा सोडली नव्हती. अर्ज सगळा भरून, सूचक म्हणून अजिनाथची सही घेऊन, फाइलीत ठेवला होता. फक्त उमेदवाराची सही राहिली होती.

अजिनाथ म्हणाला, "वकील, आज पहारा नको घेऊ. सखारामला उभा करतो. फोन आला तर?"

"नाही यायचा आता. बारा वाजत आले."

"आन् आलाच तर?"

वकीलसाहेबांनी हातपाय धुतले, धोतर नेसलं, खिशातला फोन काढून प्रेरणाच्या हातात दिला. एक वाजता सखारामच्या गळ्यातली वीणा त्यांच्या गळ्यात आली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. सखाराम जेवायला गेला.

हे पुढचं मला बानाबाईनं सांगितलं, तसंच सांगतो. ती मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. पंच्याहत्तरीची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, काठीशिवाय उठता येत नाही. पण भावाचा पहारा बघायचा म्हणून उन्हातून आली होती. ती म्हणाली, पहिल्यांदा त्याला जमेना. तार छेडली की आवाज उगीच मोठा यायचा. मग हळूहळू नामाच्या लयीत आला. चेहरा बापासारखा दिसायला लागला.

तास झाला असेल, आणि वस्तीवर एकदम कालवा उठला. वकीलसाहेबांचा फोन प्रेरणाकडं वाजायच्या आधी दुसऱ्यांच्या फोनवर बातमी आली होती. तिकीट डोईफोडे वकिलांना. पक्षाचं अधिकृत पत्र, ज्याच्याशिवाय पक्षाचं चिन्ह मिळत नाही, ते घेऊन अतुल नावाचा कार्यकर्ता शहरातून थेट पैठणला निघाला होता. उमेदवारानं तीनच्या आत तिथं पोचायचं.

तुम्ही आपली माणसं ओळखता. झोपलेली उठली, जेवणारी हात न धुता उठली. गुलालाची पोती निघाली. दोन पिकअप, एक ट्रॅक्टर, आठ-दहा मोटरसायकली. सखाराम गेला, टाळकरी गेले, पंच गेले. अजिनाथनं पिकअपच्या टपावरून मंडपाकडं बघून हात हलवला. "वकील, ये मागनं. आम्ही पुढं होऊन गर्दी दाखवतो." वस्तीचा माणूस उमेदवार झाला, त्याच्या मागं माणसं दिसली पाहिजेत, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात. कुणीतरी थांबेलच, असं प्रत्येकाला वाटलं. धुरळा खाली बसला तेव्हा वस्तीत माळ घातलेला एकही पुरुष उरला नव्हता. मंडपात वकीलसाहेब, गळ्यात वीणा, आणि खांबापाशी बानाबाई आणि तिच्यासारख्याच दोन थकलेल्या बाया.

प्रेरणा फाइल घेऊन धावत आत आली.

"आबा, चला. पाऊण तास आहे."

वकीलसाहेबांनी वीणेकडं पाहिलं. "कुणाकडं देऊ?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. तिला आत्ता कळलं. "काका? सखारामभाऊ? सगळेच गेले?"

"सगळेच."

"आत्या?"

"मला उभं राहता आलं आसतं तर मागितली नसती का गं," बानाबाई म्हणाली.

"आचारी आहे तिकडं भट्टीपाशी."

"त्याला माळ नाय. तंबाखू हाय," तीच म्हणाली.

"मग मी धरते," प्रेरणा म्हणाली. "तुमची माळ मला द्या."

"अशी देता येत नाही माळ." मग ते थोडं हसले. "आणि परवा रात्रीचं नानखलियाचं मटण?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गाडीत बसलो ना सकाळी. अजून वास येतोय."

प्रेरणाला हसू आलं आणि रडूही. मग ती वकिलीण झाली. तिनं फाइल उघडली. "ऐका. तुम्ही यायची गरज नाही. अर्ज सूचकानं दिला तरी चालतो. सूचक अजिनाथकाका, ते तिकडं पोचतच असतील. तुमची फक्त सही पाहिजे. मी घेऊन जाते. शपथ संध्याकाळी घेता येईल. वीणा गळ्यातच राहू द्या. कायद्यात बसतं, आबा."

"बसतं," वकीलसाहेब म्हणाले. "मीच शिकवलंय तुला."

"मग?"

त्यांनी उजव्या हातातल्या चिपळ्या डाव्या हातात घेतल्या. बानाबाई म्हणाली, माझ्या काळजात धस्स झालं, आणि आनंदबी झाला, दोन्ही एकदम. प्रेरणानं पेन दिलं, फाइल पुढं धरली. पेन कागदावर आलं आणि थांबलं.

"वाच," वकीलसाहेब म्हणाले.

"आबा, वेळ नाही. मीच भरलाय."

"आयुष्यात वाचल्याशिवाय कुणाला सही करू दिली नाही. वाच."

तिनं भराभरा वाचायला सुरुवात केली. मतदारसंघाचं नाव वाचलं. मग, "उमेदवाराचं नाव, सूर्यभान फकिरा डोईफोडे. वडिलांचं नाव, फकिरा..."

"थांब."

पत्रा उन्हानं तडतडत होता.

बानाबाई खांबापासून म्हणाली, "कर रं सही. बाला राग नाय यायचा. त्यानंबी तुझ्यासाठीच खाली ठेवली व्हती."

वकीलसाहेब बहिणीकडं बघत राहिले. बानाबाई म्हणते, लहानपणी ताप आला की असाच बघायचा माझ्याकडं.

"व्हय अक्का," ते म्हणाले. "त्यानं माझ्यासाठी ठेवली. मी कुणासाठी ठेवू?"

"खाली कुठं ठेवतोय तू? गळ्यात तर हाय."

"गळ्यात हाय. पण पहाऱ्यावर दुसरं काम केल्यावर पहारा मोडला का नाय, ते मला ठाऊक हाय ना."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन प्रेरणाच्या हातात दिलं. चिपळ्या परत उजव्या हातात घेतल्या.

प्रेरणा तशीच उभी. लहानपणापासून तिनं बापाला भाषणं करताना पाहिलं होतं. गेली काही वर्षं तो माणूस खिडकीशी बसून फोनकडं बघतो, हेही तिनं पाहिलं होतं. तिला जाऊन भांडावंसं वाटत होतं, पण कुणाशी, ते कळेना. शेवटी म्हणाली, "त्यांना काय सांगू?"

"सांग, पहाऱ्यावर हायत."

"एवढंच?"

"आणि सांग, माझ्या जागी ज्याला द्यायचं त्याला लवकर द्या. बाकीचे दोघं तिथंच उभे असतील, बिचारे सकाळपासून उपाशी असतील."

ती बाहेर गेली, पक्षाला फोन केला. काय बोलणी खाल्ली ते तिनं कधी सांगितलं नाही. मग तिनं अजिनाथला फोन लावला. तिकडं इतका गोंगाट होता की दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"काका, आबा येत नाहीत. ते मंडपात आहेत."

"मंडपात काय करतोय? इथं हार सुकायला लागला."

"वीणा आहे त्यांच्याकडं."

"मग दे म्हणावं कुणाकडं तरी."

"कुणाकडं, काका? तुम्ही सगळे तिकडं आहात."

प्रेरणा सांगते, अजिनाथचा आवाज आला, अगदी बारीक. "तीनचा पहारा माझाच हाय गं."

प्रेरणा मंडपात परत आली. फाइल गाडीत ठेवून आली होती. बानाबाईच्या शेजारी बसली आणि टाळ उचलले. तिला ताल येत नव्हता. बानाबाईनं तिच्या गुडघ्यावर थाप देऊन धरून दिला. तीन म्हाताऱ्या, एक वकिलीण आणि वीणेकरी, एवढ्यांनी नाम चालवलं. मधेच कधीतरी तीन वाजून गेले. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. पण बानाबाई म्हणते, मला कळलं. त्याचे खांदे खाली आले, जड ओझं उतरवल्यावर येतात तसे.

पैठणच्या गर्दीतून वाट काढत पहिली पिकअप आली तेव्हा ऊन मंडपाच्या आत शिरलं होतं. माणसं गुलाल लावून गेली होती, तशीच परत आली, पण कुणी मान वर करेना. अजिनाथ हातपाय धुवायला गेला तो बराच वेळ धूतच राहिला. मग वकीलसाहेबांसमोर येऊन उभा राहिला. गालावर गुलालाचे ओघळ.

"आमदारकी घालवली मी तुझी," म्हणाला.

"पाऊण तास उशीर झाला तुला," वकीलसाहेब म्हणाले. "कोर्टात असतास तर पुढची तारीख पडली असती."

"चेष्टा नको करू रं."

"चेष्टा नाय. पाय बघ माझे, सुजलेत. घे लवकर."

वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेली. दोघं एकमेकांच्या पायाशी वाकले, आणि बानाबाई म्हणते, कोण आधी उठतंय तेच कळेना, दोघंबी तसेच. शेवटी वकीलसाहेब उठले. मंडपाच्या मधे जिथं फार वर्षांपूर्वी ती घोंगडी अंथरलेली होती, तिथं गेले, खाली बसले आणि जमिनीला कपाळ टेकवलं. किती वेळ ते मी सांगत नाही. कुणी मोजलाही नसेल.

सखाराम तो मोठा हार हातात घेऊन दाराशी अवघडून उभा होता. बानाबाईनं त्याला हाक मारली. "आणलाय तर घाल की कुणाच्यातरी गळ्यात. उगं सुकून जाईल."

"कुणाच्या घालू, मावशी?"

वकीलसाहेबांनी उठून तो हार त्याच्याकडून घेतला आणि बहिणीच्या गळ्यात घातला.

"मी काय निवडणुकीला उभी हाय का," बानाबाई म्हणाली. "मला तर उभंच राहता येत नाय." पण हार तिनं संध्याकाळच्या कीर्तनाला तसाच ठेवला होता. मी पाहिलाय.

काही लोक अजून म्हणतात की वकील येडा. एक सही करायला काय जात होतं. सत्यशीलाबाईंना कुणीतरी असं तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिवसापासून फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपतात. मला तेवढं पुरे." आणि आमदार नसले तरी वकील आहेतच. गारखेड्यातल्या त्या दोन खोल्यांत अजून माणसं कागद घेऊन येतात, ते अजून मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि प्रेरणा अजून म्हणते, आबा, वेळ नाही.

ते बघा, महाराजांची गाडी आली वाटतं. आता आवरतो. तिकडं दाराशी, चपलांपाशी, पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसलेत, दिसले? आत येताना तुम्ही चप्पल कशीही भिरकावलीत, निघताना बघा, जोडीनं लावलेली सापडेल. तेच वकीलसाहेब. त्यांना नमस्कार करायला जाऊ नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. आणि जाता जाता ज्याची आठवण ठेवा म्हणणार आहे, ते हे नव्हेत. त्यांची आठवण ठेवायला माणसं आहेत.

उद्या-परवा तुमचा पहारा येईल. वीणा गळ्यात आली, पहिली तार छेडली, की मेंढरांपुढं कीर्तन करणारा एक माणूस मनात आणा. लेक समोर दिसला म्हणून ज्याचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि मग जो कधी आतल्या अंगाला बसला नाही. फकिराबाबा डोईफोडे. एवढं नाव तेवढं लक्षात ठेवा.

चला, उठून उभे राहा. महाराज आत येतायत.